शरीरक्रियाशास्त्र आणि मानसशास्त्र: जोड पदवी घ्यावी का?

उत्तररात्र (धागाकर्ती)
धाकट्या भावाला विद्यापीठात हे दोन्ही विषय एकत्र घ्यायचेत. घरात "एक ना धड" म्हणणारे जास्त आहेत. मी हीच जोड घेऊन शिकले आणि माझं मत ठाम आहे: यांना तोडून शिकवणं हीच चूक.

पहिल्या वर्षाचं एक प्रात्यक्षिक सांगते. मैत्रिणीच्या दोन बोटांना त्वचेची विद्युतवाहकता मोजणारे इलेक्ट्रोड लावले होते, छातीवर ईसीजीचे. तिला सांगितलं, १०२२ मधून १३-१३ वजा करत जा, मोठ्याने. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच पडद्यावरची रेघ वर चढली आणि नाडी ७२ वरून ९८ वर गेली. ती म्हणत होती, "मला टेन्शन नाहीये." खोटं बोलत नव्हती बिचारी. घामग्रंथींपर्यंत सिंपथेटिक (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारे) मज्जातंतू कसे पोचतात हे एका विषयात येतं, नुसत्या सूचनेत तिला धोका का वाटला हे दुसऱ्यात. मला त्या दिवशी दोन्ही लागले.

आणि १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढणारा वुंट मुळात वैद्यक शिकलेला. कुत्र्यांवरच्या प्रयोगांमुळे मानसशास्त्रात गाजलेल्या पाव्हलॉव्हला १९०४चं नोबेल मिळालं ते मात्र पचनावरच्या कामासाठी.

स्नायूबंध
इतिहास बरोबर, निष्कर्ष पटला नाही. ही माणसं आधी एका विषयात मुरली, मग कुंपण ओलांडलं.

मी फक्त शरीरक्रियाशास्त्र केलं. जोड पदवीची मुलं मूत्रपिंडाच्या तासाला आमच्यात बसायची. हेन्लेच्या लूपमधून, म्हणजे मूत्रपिंडातल्या वळसा घेणाऱ्या बारीक नळीतून, द्रव उलटसुलट वाहताना भोवतीचा खारटपणा कसा वाढत जातो, हे समजायला पेशीतली आयनांची ने-आण आधी पक्की लागते. त्यांना जीवरसायनशास्त्र नव्हतंच. पाठ करून पास झाली. हुशार मुलं होती, म्हणून जास्त वाईट वाटायचं.

जठरातल्या व्रणाचं खापर कित्येक वर्षं मानसिक ताणावर फुटत होतं. खरं कारण जिवाणू आहे हे पटवायला डॉक्टर बॅरी मार्शलने १९८४ मध्ये जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं, पुढे २००५ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी वॉरनला नोबेल मिळालं. तिथे दोन्हीतलं थोडं थोडं जाणणाऱ्याने भागलं नसतं.

उत्तररात्र
तो जिवाणू पोटात असलेल्या बहुतेकांना व्रण होतच नाही, हेही सांगा ना. मग बाकीच्यांना का होतो, हा प्रश्न उरतोच.

पॅनिक अटॅक घ्या. माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. त्याला वाटतं, आता मी मरणार. भीतीने श्वास आणखी वाढतो. या चक्राचा अर्धाच भाग शिकलेला माणूस "जोरजोरात श्वास घे" म्हणून मोकळा होतो!

मनकवडी
मी दुसऱ्या काठावरून विरोध करते. समुपदेशन करते, मानसशास्त्रच शिकले. आई गेल्यापासून झोप न लागणारा माणूस समोर बसतो, तेव्हा त्याच्या कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाचा, आकडा मला फार पुढे नेत नाही. आईशी शेवटचं बोलणं भांडणाचं झालं होतं, हे तो चौथ्या भेटीत सांगतो. तिथवर थांबायला शिकण्यातच माझी वर्षं गेली.

शिवाय जोड पदवीत तास कशाचे कापतात? मी पाहिलं तिथे संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीचे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक निष्कर्ष पुन्हा मिळाला. अशा विषयात पद्धतीचा पायाच कच्चा ठेवायचा? हे मला खरंच घातक वाटतं.

उत्तररात्र
चौथ्या भेटीचं वाचून थांबले. ते मला कुणी शिकवलं नाही, हे कबूल. पण त्याचा दोष शरीरक्रियाशास्त्राला देणार नाही, माझ्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष माणसांशी बोलणंच नव्हतं.

भावाचा अभ्यासक्रम आत्ता उघडून पाहिला. संख्याशास्त्र दोन सत्रं सक्तीचं आहे. जीवरसायनशास्त्र ऐच्छिक.

स्नायूबंध
ऐच्छिक असेल तर तोच घ्यायला लावा, आणि पहिल्याच वर्षी. मूत्रपिंड यायच्या आधी.