डोमेनच्या कडांची फ्रॅक्टल मिती १.६३ आली, हा आकडा खरा धरायचा का?

प्रश्न

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कोबाल्ट-प्लॅटिनमची बहुथरी फिल्म आहे, लंब दिशेने चुंबकित होणारी. डिमॅग्नेटाइज करून एमएफएमवर (चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकावर) ५ मायक्रॉनचे स्कॅन घेतले, ५१२ × ५१२ पिक्सेल. नागमोडी पट्टे, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित असलेले डोमेन, स्वच्छ दिसतात, रुंदी साधारण १५० नॅनोमीटर. थ्रेशोल्ड लावून कडा काढल्या, २ ते ६४ पिक्सेलच्या चौकटींनी बॉक्स काउंटिंग केलं, म्हणजे प्रत्येक मापाला कड असलेल्या चौकटी मोजल्या. लॉग-लॉग आलेखावर रेषा बसते; तिचा उतार म्हणजे फ्रॅक्टल मिती (कड किती वेडीवाकडी ते सांगणारा आकडा), तो १.६३. सर म्हणतात, रिपोर्टात घाल. पण ३२ वरच थांबलं की आकडा बराच उतरतो. मग याला मिती म्हणायचं कसं?

उत्तर

इतक्यात रिपोर्टात घालू नका. तुमचा पिक्सेल जवळजवळ १० नॅनोमीटरचा, म्हणजे पट्टा १५ पिक्सेलांचा. चौकट त्याहून बरीच लहान असली की तिच्यात कड साध्या रेघेसारखी येते, उतार १ कडे जातो. चौकट पट्ट्याहून मोठी झाली की जवळपास प्रत्येक चौकटीत कुठली ना कुठली कड सापडतेच, उतार २ कडे जातो. तुम्ही या दोन्हींवरून एकच रेषा ओढली आहे. १.६३ त्यातून आला. लॉग-लॉग आलेखात एवढा बाक सहज लपतो.

लागोपाठच्या दोन-दोन बिंदूंमधला उतार काढून चौकटीच्या मापासमोर मांडा. तो कुठेतरी सपाट टिकला तरच मिती म्हणा. शिवाय एमएफएमला फिल्मबाहेर येणारं क्षेत्र दिसतं, भिंत (दोन डोमेनमधली सीमा) नव्हे. टिप ४० नॅनोमीटर वर उचलली असेल तर त्याहून बारीक खाचखळगे पुसलेलेच असतात. २ आणि ४ पिक्सेलचे बिंदू मी तरी धरणार नाही.

आणखी एक उत्तर

कोड आधी कॉखच्या वक्रावर (मिती आधीच माहीत असलेल्या फ्रॅक्टलवर) चालवा, त्याच ५१२ च्या चित्रात. उत्तर १.२६ च्या जवळ यायला हवं. जाळी थोडी थोडी सरकवून प्रत्येक मापाला सगळ्यांत कमी चौकटींची संख्या घ्या, फरक पडतो.

प्रश्नकर्ती

दोन-दोन बिंदूंचे उतार काढले. १.१ पासून सुरू होऊन चढतच जातात, सपाट कुठेच नाही. मग प्रोजेक्टात लिहायचं काय?

उत्तर

पट्ट्यांची रुंदी लिहा, फूरिए स्पेक्ट्रमच्या (चित्रातला नमुना किती अंतराने पुन्हा येतो ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) शिखरावरून मोजून. चुंबकीय ऊर्जेशी तिचा थेट संबंध आहे, त्यामुळे प्रोजेक्ट अजिबात हलका होत नाही. उताराचा आलेखही जोडा, सरांना तो बघूनच पटेल.

खडबडीतपणाच मोजायचा असेल तर पट्ट्यांचा चक्रव्यूह सोडून एकच लांब भिंत घ्या. लेमेर्ल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्लॅटिनम-कोबाल्ट-प्लॅटिनमच्या फिल्मवर हेच केलं: भिंतीवरच्या दोन बिंदूंमधलं अंतर वाढेल तसं तिचं डोलणं किती वाढतं ते मोजलं. घातांक ०.६९ आला, सिद्धांत २/३ सांगतो. पण ती चित्रं प्रकाशीय केर सूक्ष्मदर्शकाची (परावर्तित प्रकाशावरून चुंबकन दाखवणाऱ्या) होती. तिथे भिंत कितीतरी मायक्रॉन लांब मिळते. ५ मायक्रॉनच्या स्कॅनमध्ये तेवढी जागाच नाही. विभागात केरची सोय आहे का, ते आधी विचारा.