वाटणीचा प्रसंग मालिकेसारखा होतोय, काय करू?

शब्दवेल्हाळ: कथा २००३ सालची, सिन्नर तालुक्यातली. वडील वारलेत, मृत्युपत्र नाही. वडिलोपार्जित ९ एकर. घरात आई, मुलगा आणि १९८८ साली लग्न झालेली थोरली मुलगी. तेराव्याच्या संध्याकाळी भाऊ स्टँपपेपर पुढे करतो, बहीण सही करते, आई रडते. वाचणारे म्हणतात भाऊ नुसता खलनायक वाटतो आणि संवाद भाषणासारखे. कुठे चुकतंय?

आडवाटेचा: दोघंही एकमेकांना आधीच माहीत असलेलं बोलतात, म्हणून भाषण होतं. "बाबांनी तुला शिकवलं, मी शाळा सोडली" हे बहीण भावाला कशाला सांगेल? त्याला माहीत आहे.

आधी प्रत्येकाचा हिशेब वेगळ्या कागदावर मांडा. भावाचा: सोसायटीचं थकलेलं कर्ज, कोरडी गेलेली बोअर, बाबांचं शेवटचं दुखणं. बहिणीचा: सोडलेली शाळा, याला कडेवर वाढवलं ती वर्षं. दोन्ही हिशेब खरे निघाले पाहिजेत. मग त्यातली सगळ्यात मोठी रक्कम कुणालाही उच्चारू देऊ नका. भांडण दुसऱ्याच कशावरून तरी होऊ द्या:

"ताई, जेवून जा."
"पाच वाजताची एसटी आहे."
"दाजींना सांग ना, राहा म्हणून."
"तूच सांग. कागदाचं त्यांनाच सांगितलंस ना आधी?"

संबोधनावर लक्ष ठेवा. रागात "ताई, तू"चं "ताई, तुम्ही" झालं की चार वाक्यं वाचतात. पण पूर्ण प्रसंगात एकदाच.

सातबारा: कागदपत्रांत मोठी चूक आहे. चहाच्या कपाशेजारी सही केलेलं हक्कसोडपत्र चालत नाही, ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. म्हणजे भावाला बहिणीला गाडीत बसवून तालुक्याला न्यायचंय, ओळख पटवायला माणसं शोधायचीत, बाकड्यावर ताटकळायचंय. पुढे फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या नावबदलाची नोटीस, हरकतीला १५ दिवस. तुमचं अर्धं कथानक तिथे आहे आणि तुम्ही ते एका सहीत उरकलंत.

हिस्से बघा. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलाइतकाच हक्क देणाऱ्या हिंदू वारसा कायद्याच्या दोन दुरुस्त्या: महाराष्ट्राच्या १९९४च्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या मुली बसत नव्हत्या, आणि केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ची. त्यामुळे २००३ साली वडील, आई, मुलगा असे तीन भाग धरायचे. मग वडिलांचे ३ एकर आई, मुलगा, मुलगी या तिघांत. मुलीला १ एकर, मुलाला ४, आईलाही ४. हीच कथा २००६ नंतर नेलीत तर तिघांना ३-३ एकर. साल बदललं की भावाची भीतीही बदलते, तेव्हा ते नक्की करा.

आडवाटेचा: हे भारी आहे. म्हणजे आईकडे भावाइतकीच जमीन, आणि आपण तिला कोपऱ्यात रडायला बसवलंय! बहिणीच्या एका एकरासाठी एवढा आटापिटा करणारा भाऊ खरा घाबरतोय तो आई तिचे चार कुणाला देईल याला. खलनायकाचा प्रश्नही सुटला.

शब्दवेल्हाळ: मग आईला हे कोण सांगतं? जावई?

सातबारा: जावई नको, तो लगेच कारस्थानी दिसेल. तलाठ्याकडे वारसनोंद होताना तिचं नाव मोठ्याने वाचलं जाऊ द्या. भाऊ शेजारीच उभा हवा.