सहा वर्षांच्या मुलीसाठी पहिला रोल-प्लेइंग गेम कोणता? (म्हणजे पात्र होऊन मिळून गोष्ट रचायचा खेळ; टेबलावरचा हवा, स्क्रीनवरचा नको)

तिसरी_घंटा
मुलगी सहा वर्षांची, पहिलीत, मराठी माध्यम. सोबत खेळायला नऊ वर्षांचा मामेभाऊ असतो. दोघांना गोष्टी रचायची प्रचंड आवड, भातुकलीतही रोज नवं कथानक चालू असतं. जाणकारांकडून हे हवंय:
१. मुलीला इंग्रजी वाचता येत नाही, तरी चालेल असा गेम कोणता?
२. या प्रकारातलं प्रसिद्ध डन्जन्स अँड ड्रॅगन्सच सोपं करून खेळवलं तर?
३. घरात फक्त सापशिडीचा फासा आहे. आठ, दहा, बारा बाजूंचे फासे लगेच मागवावे लागतील का?
४. सहा आणि नऊ या वयांना एकत्र कसं बसवायचं?

पटावरचा_उंट
अमेझिंग टेल्सने सुरुवात करा. तो चार वर्षांपासून पुढच्या मुलांसाठीच लिहिलाय. पुस्तक फक्त मोठ्या माणसाने वाचायचं, मुलांना त्यातलं एक अक्षरही वाचावं लागत नाही. खेळ अख्खा मराठीत चालतो.

नियम एवढेच. मूल आपला नायक ठरवतं: परी, जहाजावरची कप्तान, बोलणारं अस्वल, काहीही. मग त्या नायकाला छान जमणाऱ्या चार गोष्टी. सगळ्यात भारी जमते तिला बारा बाजूंचा फासा, मग उतरत्या क्रमाने दहा, आठ, सहा. अडचण आली की त्या कौशल्याचा फासा टाकायचा. ३ किंवा जास्त पडलं तर जमलं, १ किंवा २ पडलं तर फसलं. बेरीज-वजाबाकी नाही, हेल्थ पॉइंट (फटका बसला की कमी होणारे गुण) नाहीत.

बाराच्या फाशावर जमण्याची शक्यता ८३ टक्के, दहाच्या ८०, आठच्या ७५, सहाच्या ६७. म्हणजे सगळ्यात कच्चं कौशल्यही तीनातून दोनदा चालतं. या वयाच्या मुलांचा उत्साह टिकतो तो त्यामुळेच.

गाडी अडते ती कौशल्यं ठरवताना. मूल म्हणतं, "मला जादू येते." तेवढंच लिहिलंत तर प्रत्येक अडचणीवर तोच फासा पडतो आणि बाकीची तीन कौशल्यं नुसती पडून राहतात. "कसली जादू?" असं विचारा. "झाडांशी बोलायची", "वस्तू इवल्याशा करायची" इतकं नेमकं उत्तर येईपर्यंत विचारत राहा. चारांत एक तरी धावण्या-चढण्या-लपण्याचं आणि एक तरी कुणाला समजावण्याचं असावं. कागदाला दोन घड्या घालून चार चौकोन करा आणि प्रत्येकात कौशल्याचं चित्र काढायला द्या. चित्राशेजारी फाशाचा आकडा. झालं पात्र तयार, वाचायचा प्रश्नच नाही.

फाशांसाठी थांबू नका, पत्ते घ्या. एक्का ते दश्शी म्हणजे दहाचा फासा, एक्का ते अठ्ठी म्हणजे आठचा. बारासाठी एक्का ते राणी, गुलाम अकरा आणि राणी बारा. तिन्हींसाठी वेगवेगळा रंग (बदाम, किलवर, इस्पिक) वापरा, म्हणजे गड्ड्या मिसळत नाहीत. सहासाठी सापशिडीचा फासा आहेच. ओढलेलं पान लगेच परत घालून पिसायचं. ते बाहेर राहिलं तर एक्का आणि दुर्री निघून गेल्यावर त्या गड्डीत फसण्याची शक्यताच उरत नाही, आणि नऊ वर्षांचा मुलगा हे दोन मिनिटांत हेरतो.

कोरा_कागद
पत्त्यांची युक्ती चांगली आहे, पण फासे मिळाले की घ्याच. फासा गडगडताना सगळ्यांचं लक्ष एका जागी येतं, ते पान ओढण्यात होत नाही.

प्रश्न क्र. २ बद्दल: नको, निदान आत्ता नको. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या स्टार्टर सेटवर वय १२ आणि पुढे लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. २०१४च्या नियमांत साध्या गॉब्लिनचा (छोट्या राक्षसाचा) आर्मर क्लास, म्हणजे त्याला फटका लागायला गाठावा लागणारा आकडा, १५. पहिल्या पातळीच्या, म्हणजे नवख्या, पात्राचा हल्ल्याचा बोनस (फाशाच्या आकड्यात मिळवायचा) साधारण ५. म्हणजे वीसच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत: ५५ टक्के. मूल आपल्या पाळीची वाट बघत बसणार, मग दोन अंकी बेरीज करणार आणि जवळजवळ निम्म्या वेळा "लागला नाही" ऐकणार. नियम छाटत गेलात की शेवटी उरतं ते अमेझिंग टेल्ससारखंच काहीतरी. मग मूळ तेच का घेऊ नये?

वयाच्या फरकासाठी नो थँक यू, ईव्हिल! बघा (मॉन्टी कुक गेम्स, २०१६). त्यात पात्र म्हणजे एक वाक्य. लहान मूल एक-दोन शब्दांवर थांबतं, उदाहरणार्थ "मी शूर परी". मोठ्याने त्याला पुढचा तुकडा जोडायचा: "…जी वादळावर स्वार होते". जितकं वाक्य लांब तितके हाताळायचे नियम जास्त, आणि वेगवेगळ्या पायऱ्यांवरची मुलं एकाच डावात खेळतात. त्यातले काही पॉइंट्स तर दुसऱ्याला मदत करण्यासाठीच असतात, भावंडांच्या जोडीला हे फार उपयोगी. फासा सहाचाच लागतो. अडचण एक: कार्डं आणि पात्रांचे कागद इंग्रजीत. अमेझिंग टेल्सपेक्षा पूर्वतयारी बरीच जास्त आहे, म्हणून तो दुसरा गेम म्हणून ठेवा.

तिसरी_घंटा
पत्ते आजच काढते. पण भाच्याला लढाई हवीच असते, नुसतं समजावणं-बोलणं त्याला पुरणार नाही. आणि जीएम (गोष्ट सांगून खेळ चालवणारी) म्हणून पहिल्या दिवशी नक्की काय बोलायचं?

उनाड_ढग
लढाईसाठी हीरो किड्स, वय ४ ते १०. फक्त सहाचे फासे. मारणारा आपल्या ताकदीइतके फासे टाकतो, वाचवणारा आपल्या बचावाइतके. दोघांनी आपापला सगळ्यात मोठा आकडा पुढे करायचा. मारणाऱ्याचा आकडा बरोबरीचा किंवा मोठा असेल तर फटका लागला. एकास एक फासा असताना फटका लागण्याची शक्यता ५८ टक्के, दोनास एक असताना जवळपास ७५. पीडीएफ छापून पुठ्ठ्यावर चिकटवली की पात्रं उभी राहतात, नाहीतर दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे माळ्यावरून काढा, चौकटीच्या कागदावर ते छान उभे राहतात. हरलेला शत्रू मरत नाही, पळून जातो किंवा शरण येतो, हे आधीच सांगून टाका. एका वेळी शत्रू मुलांच्या संख्येइतकेच ठेवा. चार-पाच शत्रू दोन मुलांवर सोडले की मुलांची पाळीच येत नाही.

तरी पहिला डाव अमेझिंग टेल्सचाच. अर्ध्या तासाचा सांगाडा देतो, तीन प्रसंगांचा:

प्रसंग १. गावच्या झऱ्याचं पाणी आटलंय. म्हातारा कासव म्हणतो, "वर टेकडीवर काहीतरी घोरतंय." कासवाकडून आणखी माहिती काढायची तर बोलण्याचं कौशल्य. फसलं तर कासव माहिती देतो, पण चुकीची पायवाट दाखवतो.

प्रसंग २. वाटेत तुटलेला साकव. कसं ओलांडायचं ते मुलांना ठरवू द्या. तुम्ही मनात उत्तर धरून ठेवलंत की ते "ओळखा पाहू" होऊन बसतं. फसलं तर पलीकडे पोचतातच, पण खाऊची पिशवी पाण्यात पडते.

प्रसंग ३. झऱ्याच्या तोंडावर राक्षस झोपलाय. उठवायचं, गुदगुल्या करायच्या, ढकलायचं, गाणं म्हणायचं, सगळं चालेल. शेवटच्या प्रसंगात दोघांनीही एकेक फासा टाकलाच पाहिजे.

"नाही जमलं" म्हणून थांबू नका. तिथे थांबलात की मूल तोच फासा पुन्हा मागतं, तुम्ही दिला की फाशाला अर्थ उरत नाही आणि नाही दिला की रडारड. फसलं म्हणजे गोष्ट पुढे जाते, पण एक नवी पंचाईत घेऊन. फासा तेव्हाच मागा जेव्हा जमलं तरी आणि फसलं तरी पुढे काहीतरी घडणार असेल. दार उघडायला फासा नको. अर्ध्या तासाला सहा ते आठ फासे पुष्कळ.

पटावरचा_उंट
उनाड_ढग यांच्या सांगाड्याला +१. तिसरी_घंटा ताई, दोन्ही मुलांबद्दल थोडं अजून.

"आता तुम्ही काय करता?" असं मोघम विचारलं की नऊ वर्षांचा बोलतो आणि सहा वर्षांची त्याच्याकडे बघते. नाव घेऊन विचारा, आणि आधी तिला. जिच्या हातात फासा तीच बोलणार, सूचना द्यायच्या झाल्या तर तिने मागितल्यावरच. दोघांची बाराची कौशल्यं वेगळ्या जातीची ठेवा. दोघंही "तलवार" म्हणाले तर मोठा आपोआप पुढे राहतो. त्याला एक खरं काम द्या: नकाशा काढायचा आणि गोळा केलेल्या वस्तूंची यादी ठेवायची.

सुरू करण्याआधी विचारा, "गोष्टीत काय अजिबात नको?" उत्तर साप, अंधार, भूत काहीही असेल, ते निमूट वगळा. टेबलावर एक लाल कागद ठेवा. कुणीही त्यावर हात ठेवला की तो प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. रात्री झोपण्याआधी खेळणार असाल तर आईबाबा हरवले, घर जळालं असली कथानकं टाळा. या वयाची मुलं ती अंथरुणात घेऊन जातात.

मूल चुळबुळायला लागायच्या आत थांबवा. पंचवीस मिनिटांत झालं तरी झालं.

कोरा_कागद
फासे घेणार असाल तर एवढं बघा. सात फाशांचा संच मिळतो: चार, सहा, आठ, दहा, बारा, वीस, आणि दहाचाच आणखी एक, ज्यावर दहा-वीस-तीस असे आकडे असतात. तो आत्ता बाजूला काढा, नाहीतर मूल तोच उचलतं. साध्या दहाच्या फाशावर दहा नसतोच, शून्य असतो. शून्य पडला म्हणजे दहा, हे सांगायचं राहिलं तर सगळ्यात मोठा आकडा पडूनही मुलीला फसल्यासारखं वाटतं.

मराठी माध्यमाच्या मुलांचा आणखी एक घोळ होतो. इंग्रजी नऊ त्यांना मराठी एकासारखा दिसतो. या गेममध्ये एक म्हणजे फसलं आणि नऊ म्हणजे जमलं, त्यामुळे पहिले काही डाव आकडा तुम्ही मोठ्याने वाचा. सहा आणि नऊच्या पायाशी टिंब किंवा रेघ असते तीही दाखवून ठेवा. गडद फासा आणि पांढरे ठसठशीत आकडे असलेला संच घ्या, चमकीवाल्या पारदर्शक फाशांवरचे आकडे ट्यूबलाइटखाली दिसत नाहीत.

टाकायला परातीत जाड नॅपकिन अंथरा, फासे सोफ्याखाली जात नाहीत. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर खेळ संपल्यावर मोजून सातही डबीत, डबी वरच्या फळीवर.