काजव्यांचं झाड खरं किती खरं?

भंडारदऱ्याच्या, काजव्यांनी लखलखलेल्या झाडाच्या फोटोवर 'एका झाडावर एवढे काजवे खरंच असतात का?' असं वर विचारलंय, म्हणून लिहितो. काजवे भरपूर असतात, पण एका क्षणी एवढे दिसत नाहीत. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून शटर (उजेड आत सोडणारा पडदा) 20-30 सेकंद उघडं ठेवतात आणि अशा बऱ्याच फ्रेम, म्हणजे एकेक फोटो, संगणकावर एकमेकींवर चढवतात. 30 सेकंदांच्या 30 फ्रेम म्हणजे 15 मिनिटांचा उजेड एकाच चित्रात! एकच काजवा दहा जागी चमकलेला दिसतो. मी याला फसवणूक म्हणणार नाही, फक्त फोटोखाली तसं लिहावं.

गंमत म्हणजे खरी मजा या फोटोत येतच नाही. अख्खं झाड एका लयीत पेटतं, विझतं, पुन्हा पेटतं. ती लय टिपायची तर व्हिडिओच हवा.

आणि हो, हा लखलखाट म्हणजे नर-मादीचे एकमेकांना इशारे. मोबाइलचा टॉर्च किंवा गाडीचे दिवे मारले की ते इशारेच हरवतात. मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर तिथे पर्यटकांची जी झुंबड उडते, त्यात हे कोण ऐकतंय म्हणा! निदान टॉर्चला लाल जिलेटिन कागद तरी गुंडाळा.

मूळ फोटोत किती फ्रेम आहेत, सांगाल का?