ब्रशलेस आरसी (रिमोटची) गाडी सुटताना झटके खाते, हे कॉगिंग कमी कसं करायचं?

भाट्येवाला
नमस्कार मंडळी. रिमोटवर चालणारा १/१० मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक आहे, टू व्हील ड्राइव्ह. मोटार ३६५० साईझची, ३३०० केव्ही (एका व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे), सेन्सरलेस, पुढच्या झाकणाला हवेची भोकं असलेली. ईएससी (मोटारीला करंट सोडणारा स्पीड कंट्रोलर) ६० अँपिअरचा, बॅटरी टू एस (दोन सेलची) लायपो. पावसाळ्याआधी मक्खन चालायची. आता रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर नेली की ट्रिगर हळू दाबल्यावर जागच्या जागी कुडकुडते, खर्र खर्र करते, मधेच मागे पण उचकते आणि एकदा का सुटली की मग सुसाट, काही म्हणजे काही प्रॉब्लेम नाही. पायाने जरा ढकलली तरी सुटते. दुकानदार म्हणतो ईएससी गेला, सेन्सरवाला कॉम्बो (मोटार आणि ईएससीची जोडी) घ्या. किंमत ऐकून घरी विषय काढायची हिंमत होत नाहीये. खरंच गेला असेल का?

कातळावरचा
ईएससी गेला असता तर सुसाट पण पळाली नसती, दुकानदाराचं लगेच मनावर घेऊ नकोस.

सेन्सरलेसमध्ये रोटर (मोटारीतला फिरणारा चुंबक) कुठे उभा आहे हे ईएससीला दिसत नाही. तीन वायरींपैकी ज्या वायरीत त्या क्षणी करंट सोडलेला नसतो तिच्यावर फिरत्या चुंबकामुळे जो व्होल्टेज येतो, म्हणजे बॅक ईएमएफ, त्यावरून तो अंदाज बांधतो. गाडी उभी असताना हा व्होल्टेज शून्य, त्यामुळे सुरुवातीचे धक्के सगळे आंधळे. लोड हलका असेल तर रोटर त्या धक्क्यांबरोबर निघतो, जड असेल तर मागे राहतो, ताळमेळ सुटतो आणि कुडकुड चालू. तू ढकलतोस तेव्हा त्याला तो व्होल्टेज आयता मिळतो, म्हणून सुटते.

आता गाडी स्टँडवर ठेव, चाकं हवेत. तिथेही कुडकुडली तर वायरिंग नाहीतर मोटार. फक्त वाळूत करत असेल तर लोड, गिअरिंग, बॅटरी. आणि मोटार नुसती हाताने फिरवताना अडकत अडकत फिरते ते सोडून दे, ती चुंबकाची आणि लोखंडी दातांची ओढ, नवीन मोटारीतही असतेच.

भाट्येवाला
स्टँडवर पण करते दादा. कमी, पण करते.

मिऱ्याबंदर
भाट्याची काळी वाळू ना? मग लोकहो ईएससी बाजूला ठेवा. त्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट आहे, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर त्याचे साठेच आहेत. जुन्या स्पीकरचं चुंबक वाळूवरून फिरव, काळी दाढी उगवते बघ. आणि तुझ्या मोटारीत फिरतंय काय, तर चुंबकच! भोकातून आत गेलेले कण रोटरला चिकटून बसतात, रोटर आणि स्टेटरमधली (बाहेरचा न फिरणारा भाग) फट केवढीशी, त्यात ते घासतात. फुंकून, हवा मारून निघत नाहीत. मोटार उघडायची, रोटर सरळ ओढून काढायचा (बोटं सांभाळ, सटकन परत आत खेचला जातो) आणि सेलोटेप चिकटवून चिकटवून कण उचलायचे. बेअरिंग गोड्या पाण्याने, मग कॉन्टॅक्ट क्लीनरने, सुकल्यावर थेंबभर तेल. नंतर भोकांवर बायकोच्या जुन्या नायलॉन ओढणीचा तुकडा ताणून बसव, फक्त मोटारीच्या तापमानावर लक्ष ठेव, ८० डिग्रीच्या वर जाऊ देऊ नकोस.

दुसरं, मोटारीच्या वायरींचे बुलेट कनेक्टर. खाऱ्या हवेत पावसाळाभर पडून राहिले की हिरवे होतात. तीनपैकी एक फेज (वायर) जरी अर्धवट लागली तरी हुबेहूब हाच प्रकार होतो. मोटारीच्या तिन्ही वायरी ईएससीपासून सोडव, पिनियन (मोटारीच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) स्परपासून (तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) लांब कर, मग दोन-दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवून शाफ्ट हाताने फिरव. जड लागला पाहिजे, आणि तिन्ही जोड्यांत सारखाच जड.

भाट्येवाला
बाप रे. रोटरवर अक्षरशः काळी मिशी होती. आणि वायरींचं म्हणाल तर एक जोडी जड, बाकी दोन जोड्या टेकवल्या काय न टेकवल्या काय सारख्याच मोकळ्या. दोन्हीत पिवळी वायर कॉमन. तिचा बुलेट ओढला तर स्लीव्हच्या आतून हिरवी पूड पडली, सोल्डरचा डाग पण सुटल्यातच जमा. वायर मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून नवा ४ एमएमचा बुलेट लावला. स्टँडवर आता लोण्यासारखी फिरते. ओल्या वाळूत अजून किंचित अडखळते.

मालवण_ड्रिफ्ट
माका विचारशील तर आता पिनियन लहान कर, दोन दात कमी. टॉप स्पीड थोडा जाईल पण किनाऱ्यावर कोणाला दाखवायचाय. जड चाकं, ओली वाळू आणि ३३०० केव्ही, तिथे मोटारीला आरामात फिरायला दिलंच पाहिजे. ईएससीच्या सेटिंगमध्ये टायमिंग (करंट किती आधी सोडायचा ते) सगळ्यात खालचं. पंच (सुटताना किती जोर लावायचा ते सेटिंग) सगळे वाढवायला सांगतात, पण ते बॅटरी दमदार असेल तरच. लेचीपेची असेल तर सुटताना व्होल्टेज बसतो आणि उलट जास्त कुडकुडते. पॅकवर सी (करंट द्यायच्या क्षमतेचा आकडा) कितीही छापलेला असो, चार्ज करून दुसऱ्या कोणाचा चांगला पॅक लावून बघ, लगेच कळेल. बॅटरीला जुना टामिया प्लग असेल तर तो काढून एक्सटी६० मार.

सेन्सरवाल्याबद्दल: हळू चालवायला तो भारीच, तीन हॉल सेन्सर रोटरची जागा सांगतात, आंधळे धक्के नाहीत. क्रॉलर (दगडांवर हळू चढणारी गाडी) असता तर मीच म्हटलं असतं घे. पण समुद्रावर ती बारीक सहा वायरींची केबल आणि तिचं सॉकेट हीच पहिली सडतात, वर ए, बी, सी वायरी जिथल्या तिथेच लावाव्या लागतात.

कातळावरचा
सहमत. सेन्सरवाला कॉम्बो घेण्यापेक्षा कमी केव्हीची फोर पोल (चार ध्रुवांच्या चुंबकाची) मोटार घेतलेली परवडेल, पण ती सुद्धा आत्ताची जळाल्यावर.

भाट्येवाला
आता १५ दातांचा आहे, म्हणजे १३ चा मागवतो. कुठलाही चालेल का?

मालवण_ड्रिफ्ट
कुठलाही नाय रे! शाफ्ट ३.१७ एमएम आहे का ते बघ आणि स्परचा पिच (दातांचं माप) बघ. ३२ पिचच्या स्परवर ०.८ मॉड (दातांचंच मेट्रिक माप) चालून जातो, पण ४८ पिचच्या स्परवर ०.६ मॉडचा पिनियन लावलास तर एका संध्याकाळी स्पर खाऊन टाकेल. बसवताना दोघांत वहीच्या कागदाची पट्टी घालून स्क्रू आवळ, मग पट्टी काढ.