जुन्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगमधील प्ले (ढिलेपणा) कसा काढावा?

प्रश्न:
आमचा ३५ एचपीचा जुना ट्रॅक्टर पॉवर स्टेअरिंगचा नाही. चाके सरळ असताना स्टेअरिंग जवळपास पाव फेरा नुसतेच फिरते आणि रिकामी ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर थोडा वेग घेतला, की पुढची चाके थरथरू लागतात. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला की काम होईल, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. ऊस वाहतूक सुरू होण्यापूर्वी दुरुस्ती उरकायची आहे. तेवढ्याने भागेल का?

पहिले उत्तर:
स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावावा. इंजिन बंद करून, चाके जमिनीवरच असताना, एकाने स्टेअरिंग डावीउजवीकडे थोडे थोडे हलवावे आणि दुसऱ्याने ड्रॉप आर्मपासून (स्टेअरिंग बॉक्समधून निघून चाके वळवणारा दांडा) चाकापर्यंतचा एकेक सांधा पाहत जावे. जिथे अलीकडचा भाग हलतो पण त्याला जोडलेला पलीकडचा भाग जागचा हलत नाही, तिथे झीज आहे असे समजावे. बॉक्सचे बोल्ट ढिले असतील तर अख्खा बॉक्सच हलतो आणि मग उगाच गिअरवर दोष येतो.

त्यानंतर मागच्या चाकांना उटी लावून पुढचा ॲक्सल जॅकने उचलावा, खाली भक्कम ठोकळे द्यावेत आणि चाक वरखाली धरून हलवावे. नुसता हब (चाकाचा मधला भाग) हलला तर बेअरिंग ढिले आहे. हबबरोबर स्टब ॲक्सलही (हब ज्यावर बसतो तो आखूड आस) हलला तर किंग पिनचा, म्हणजे ज्या उभ्या पिनेभोवती चाक वळते तिचा, बुश गेला आहे. भातखाचरात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरचे हे बुश लवकर जातात, कारण चिखल आत शिरतो आणि ग्रीस मारायचे राहून जाते.

दुसरे उत्तर:
थरथर बहुधा टाय रॉड एंडची (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) झीज किंवा बिघडलेले टो-इन (चाके पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणे) यांमुळे असते. दोन्ही चाकांमधले अंतर हबच्या उंचीवर पुढून व मागून मोजावे. पुढचे अंतर काही मिलिमीटर कमी हवे, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकात मिळेल. एंड बदलल्यावर हे माप पुन्हा जुळवावेच लागते.

बॉक्सचा स्क्रू आवळायचाच असेल, तर चाके सरळ ठेवून, लॉकनट (स्क्रू जागी धरणारा नट) सैल करून, अगदी थोडा आवळावा आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. बॉक्समधील गिअर मध्यभागी सर्वाधिक झिजतात, त्यामुळे मधला प्ले पूर्ण काढू गेल्यास वळणावर स्टेअरिंग अडकते, आणि भरल्या ट्रॉलीसह ते अडकणे ढिल्या स्टेअरिंगपेक्षा घातक आहे. तसे अडकू लागले तर बॉक्स उघडण्यावाचून पर्याय नाही.

प्रश्नकर्ता:
तपासणी केली. उजवा टाय रॉड एंड हाताने हलतो आणि त्याच बाजूचा किंग पिन बुशही ढिला आहे. मिस्त्री एंडला वेल्डिंग मारून देतो म्हणतात.

पहिले उत्तर देणारे:
वेल्डिंग करू देऊ नये. स्टेअरिंगचा जोडलेला भाग रस्त्यात तुटला तर चाक हातात राहत नाही. नवा एंड बसवून कॅसल नटात (खाचांचा नट) नवी कॉटर पिन (नट सैल होऊ न देणारी पिन) घालावी आणि बुश लेथवाल्याकडून दोन्ही बाजूंचे एकदमच बदलून घ्यावेत.