बॉटल जॅकने महिंद्रा थार गाडी सुरक्षितपणे कशी उचलावी?

प्रश्न (मुलुंड): पावसाने भिजलेल्या मातीत मागचे चाक बदलताना माझा बॉटल जॅक (तेलाच्या दाबाने गाडी उचलणारे बाटलीच्या आकाराचे साधन) तिरका झाला. योग्य रीत कृपया सांगावी.

उत्तर (ठाणे): जॅकचा तळ अरुंद असल्याने तो मऊ जमिनीत एका बाजूने रुततो, म्हणून त्याखाली जाड, रुंद लाकडी फळी ठेवावी. गाडी थांबून राहावी म्हणून केवळ गिअर टाकण्यावर विसंबू नये, कारण एक मागचे चाक उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअर-जोडणीमुळे) दुसरे फिरू शकते. हँडब्रेक ओढावा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करावेत.

उत्तर (दादर): जॅक गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा. आतले सील गळल्यास तेलाचा दाब जातो, त्यामुळे जॅक स्टँड (उचललेल्या गाडीचे वजन पेलणारा पक्का आधार) लावल्याशिवाय गाडीखाली हातही घालू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. फळी आजच गाडीत ठेवतो.